फुलांच्या पठारावर फाटक कशासाठी?

पावसाळा सरत आला की दरवर्षी साताऱ्याच्या कास पठाराचे नाव कानावर येते. कोणाच्या तरी मोबाईलवर फुलांनी भरलेल्या माळाचा फोटो येतो आणि घरातली बायका-मुले विचारू लागतात, आपण कधी जायचे? आमच्या चाळीतही असेच झाले. आम्ही पिंपरीच्या कारखान्यांत राबणारी माणसे. सहल म्हटली की आधी खर्चाचा हिशेब आणि मग हौस. तरीही २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तीन घरची मिळून आम्ही नऊ माणसे कासला जाऊन आलो. फुले तर पाहिलीच. पण घरी आल्यावर आमच्यात जास्त बोलणे झाले ते तिथल्या फाटकाविषयी, तिकिटाविषयी आणि शिट्टी वाजवणाऱ्या माणसांविषयी. त्याच चार गोष्टी आमच्यासारख्या घरांना उपयोगी पडतील म्हणून येथे मांडत आहोत.

खरे म्हणजे ही आमची दुसरी खेप. पहिल्यांदा निघालो होतो तो रविवार होता. भाड्याची जीप केली होती. नोंदणी करावी लागते हेही कोणाला माहीत नव्हते. यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागली. पुढची गाडी हलेना, मागची थांबेना. मुले रडकुंडीला आली, डबे गाडीतच उघडले आणि दुपारी तीन वाजता पठार न पाहताच आम्ही माघारी फिरलो. चूक आमचीच होती. ज्या दिवशी सगळे निघतात त्याच दिवशी आम्हीही निघालो आणि विचारपूस न करता निघालो.

म्हणून या खेपेला बैठक घेऊनच ठरवले. दिवस कोणता? आमच्याकडे औद्योगिक भागात गुरुवारची सुट्टी असते. मुलांची शाळा एक दिवस बुडाली तर बुडाली, पण गर्दी टाळायची. पुतण्याने मोबाईलवर नोंदणी केली. तिकीट किती म्हणून काकांनी विचारले. माणशी दीडशे रुपये हे ऐकताच त्यांचा पारा चढला.

"डोंगराला कसले तिकीट? डोंगर काय कोणाच्या बापाने बांधला? आज फाटक लावतील, उद्या म्हणतील तुम्ही येऊच नका."

काकांचा राग आम्हाला कळत होता. फाटक म्हटले की आपल्यासारख्यांच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की आत कोण जाणार आणि बाहेर कोण राहणार? घरातील चार मोठी माणसे निघाली की सहाशे रुपये झाले. कंत्राटी कामगाराची ती एका हजेरीची कमाई. तेव्हा काकांना गप्प करण्यापेक्षा, त्यांचा प्रश्न बरोबर घेऊनच जायचे असे आम्ही ठरवले.

प्रवास

पहाटे स्वारगेटहून एस.टी. पकडली. २०२३ च्या मार्चपासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट झाले आहे, त्यामुळे आमच्या बायकांनीच सहलीचा अर्धा भार हलका केला. खंबाटकीचा घाट ओलांडून सातारा गाठले. स्थानकावर चहा घेतला आणि कासमार्गे बामणोलीकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. शहर मागे पडले की यवतेश्वरचा घाट सुरू होतो. एका बाजूला सातारा शहर खाली खाली जाते, अजिंक्यतारा किल्ला समोर दिसू लागतो आणि हवेत गारवा येतो. साताऱ्यापासून कास सुमारे पंचवीस किलोमीटर आहे आणि पठाराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे बाराशे मीटर, म्हणजे चार हजार फुटांच्या आसपास.

या रस्त्यावर हॉटेले आणि बांधकामे दाट होत गेलेली दिसतात. त्यांच्यावरून वादही बरेच झाले आहेत. पठार पाहायला येणाऱ्यांसाठीच ही बांधकामे होतात आणि पठारालाच त्यांचा भार होतो, ही गोष्ट आम्ही जाता जाताच मनात नोंदवून ठेवली.

पठारावर उतरलो तेव्हा धुके होते. आत्याबाई म्हणाल्या, "एवढ्या लांब आणलं ते धूर बघायला का?" पण दहा मिनिटांत वारा सुटला, धुके वर गेले आणि समोरचा माळ उघडा पडला. आम्ही सगळे गप्प झालो. जिकडे पाहावे तिकडे तेरड्याचा गुलाबी-जांभळा रंग. मध्येच सोनकीचे पिवळे पट्टे. ओलसर जागी गेंदाची पांढरी, बटणासारखी फुले. चाळीच्या गॅलरीत डालडाच्या डब्यात तुळस आणि सदाफुली लावणारी आमची माणसे. एवढी फुले, तीही कोणी न लावलेली, आम्ही जन्मात पाहिली नव्हती.

हात लावू नका, असे का?

आत जायच्या आधी फाटकावर पिशव्या पाहिल्या गेल्या. खाऊ, प्लास्टिक याबद्दल विचारले. मग एका गाईडने आम्हाला आणि आणखी दोन कुटुंबांना एकत्र करून माहिती सांगितली. ती आम्ही आमच्या शब्दांत देतो, कारण ती समजल्याशिवाय तिथल्या नियमांचा अर्थ लागत नाही.

कासचा माळ म्हणजे मातीचे शेत नव्हे. खाली काळा कातळ, त्यावर तांबड्या जांभ्या दगडाचा थर आणि त्यावर मातीचा अगदी पातळ पापुद्रा. काही ठिकाणी ही माती बोटाच्या पेरापेक्षा जास्त नसते. मोठे झाड तिथे मूळ धरूच शकत नाही. उन्हाळ्यात गेलात तर उघडा, भाजलेला दगड दिसेल. पाऊस पडला की त्या चिमूटभर मातीत वर्षभर झोपलेले बी जागे होते, कातळाच्या भेगांत दडलेले कंद फुटतात आणि दोन-तीन महिन्यांत त्यांना उगवणे, फुलणे, बी धरणे सगळे उरकायचे असते. पाऊस गेला की पाणी संपले आणि त्यांचा खेळही संपला.

आता विचार करा. तेरडा, सीतेची आसवे यांसारखी लहान झाडे एका पावसाची सोबती. त्यांचे बी जमिनीवर पडले तरच पुढच्या वर्षी ती उगवणार. आपण फूल तोडले म्हणजे पुढच्या वर्षाचे बी तोडले. आणि नुसते फूल तोडण्याचा प्रश्न नाही. ओल्या मातीवर शेकडो पाय पडले की ती दाबली जाते, तिच्यात पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही. फोटोसाठी एकजण फुलांत बसला की त्याच जागी दुसरा बसतो, मग तिसरा. आठ दिवसांत तिथे चौरंगाएवढी टकली जागा होते. गाड्यांच्या चाकांबरोबर आणि बुटांच्या तळव्यांबरोबर गाजरगवतासारखे बाहेरचे तणही येते.

आमची सात वर्षांची छोटी हे सगळे ऐकत होती. तरी दहा पावलांवर तिने एक तेरड्याचे फूल खुडलेच आणि आईच्या केसांत खोवायला निघाली. लगेच शिट्टी वाजली. पिवळे जाकीट घातलेली एक मावशी जवळ आली. आम्ही ओशाळलो. आता चारचौघांत बोलणी खावी लागणार असे वाटले. पण ती खाली बसली आणि छोटीला म्हणाली, "बाय, हे फूल आता किती वेळ टिकंल? घरी जास्तोवर सुकून जाईल. आन् हितं ऱ्हायलं असतं तर फुडच्या साली दहा झाली असती." छोटीने फूल तिच्या हातावर ठेवले. मावशीने ते परत छोटीच्याच मुठीत दिले आणि म्हणाली, "आता तोडलंस ते तोडलंस. वहीत ठेव. दुसरं तोडू नको." त्यानंतर दिवसभर आमची छोटी दुसऱ्या मुलांनाच हात लावू नका म्हणून सांगत फिरत होती.

दंड करून जे झाले नसते ते दोन वाक्यांनी झाले. सांगणाऱ्याच्या बोलण्यात मान ठेवला की ऐकणाराही मान ठेवतो.

सुमारे साडेआठशे जातींची फुलझाडे कासवर नोंदली गेली आहेत. सगळी एका दिवशी दिसत नाहीत. आठवड्याआड माळाचा रंग पालटतो. आम्हाला जी दिसली त्यातली दोन-तीन सांगतो. वायतुरा हे पाण्याच्या डबक्यांत उगवणारे झाड. त्याच्या फुलाचा तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दोन फाट्यांचा असतो, म्हणून हे नाव. त्याच्या शास्त्रीय नावात सातारा आहे. सह्याद्रीच्या अशा मोजक्या पठारांपलीकडे ते जगात कोठे आढळत नाही. मिकी माउस म्हणून पोरे ज्याला ओळखतात ते पिवळे फूल कवल्याचे. आणि सीतेची आसवे. नाव भाविक लोकांनी दिलेले, पण झाडाचे काम पाहिले तर थक्क व्हायला होते. हे झाड किडे खाते. त्याच्या मुळाजवळ बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढले जातात. दवबिंदू नावाच्या झाडाच्या पानांवर चिकट थेंब असतात, त्यावर किडा बसला की अडकला. गाईडने कारण सांगितले. या जांभ्याच्या मातीत नत्र फार कमी, म्हणून झाडांनी पोटाची वेगळी वाट शोधली. शिकण्यासारखे आहे. जमीन कमी मिळाली, कस कमी मिळाला म्हणून ती झाडे मेली नाहीत. त्यांनी जगायची रीत काढली.

शिट्टी कोणाच्या हातात आहे?

दुपारी आम्ही फाटकाबाहेर डबे सोडले तेव्हा ती शिट्टीवाली मावशीही भाकर खायला बसली होती. काकांनी आपला प्रश्न तिला थेट विचारला. "मावशी, हे तिकिटाचे पैसे जातात कुठे?"

तिने जे सांगितले आणि आम्ही नंतर जाणकारांकडून जे समजून घेतले त्याचा सारांश असा. पठार वनखात्याचे राखीव वन आहे. पण फाटकावर उभी असलेली, गाड्या लावून देणारी, कचरा उचलणारी, माहिती सांगणारी माणसे कास, आटाळी, एकीव, कासाणी अशा भोवतालच्या गावांची. वनखाते आणि गावे यांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांमार्फत हे काम चालते. हंगामाच्या दोन महिन्यांत गावच्या पोरांना आणि बायाबापड्यांना रोज मिळतो, आणि तिकिटाच्या पैशांतून पठाराची राखण व येणाऱ्यांच्या सोयी होतात.

"आमची गुरं हितंच चरायची," मावशी म्हणाली. "माझा दादला लहानपणापासून हितं गुरं वळायचा. मग सांगितलं, गुरं घालू नका. कुंपण आलं. आम्हाला बी राग आला व्हता. आता शिट्टी आमच्याच गळ्यात हाय."

ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली, म्हणून थोडी खुलासेवार सांगतो. २०१२ साली पश्चिम घाटाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. चार राज्यांतल्या एकूण ३९ जागा त्यात आहेत. महाराष्ट्रातल्या चार, कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी. नाव झाले तशी गर्दी आणखी वाढली. रविवारी हजारो माणसे, रस्त्याच्या दोन्ही अंगाला गाड्या, फुलांत लोळणारे लोक. गर्दी आवरायला म्हणून पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले. त्याबरोबर गुरांचे चरणेही थांबले.

पण काही वर्षांनी वेगळेच दिसू लागले. अभ्यासक आणि गावकरी म्हणू लागले की कुंपणाच्या आत फुले विरळ होत आहेत. असे का व्हावे? गुरे उंच वाढणारे गवत खात, त्यामुळे खालच्या बुटक्या फुलझाडांना ऊन मिळे. शेणाने मातीला थोडा कस येई. गुरे बंद झाली तेव्हा गवत माजले आणि त्याच्या सावलीत लहान झाडे दबली. शेवटी ते लोखंडी कुंपण काढण्यात आले.

आम्ही शिकलेली माणसे फार नाही. पण यातला अर्थ आम्हाला लगेच कळला. ज्या गावाने पिढ्यान्पिढ्या त्या माळावर गुरे वळली, त्याला माळाचे काही कळत असेल हे आधी कोणी विचारातच घेतले नव्हते. नियम करायला बसणाऱ्यांत त्या गुराख्याला जागा असती तर कदाचित काही वर्षे वाया गेली नसती. गर्दी आवरण्याची गरज खरी होती. पण गर्दी करणारा शहरचा पाहुणा आणि गुरे चारणारा गावचा माणूस दोघांना एकाच कुंपणाबाहेर काढले, ही चूक झाली. ती कळल्यावर दुरुस्त केली, हेही तितकेच महत्त्वाचे.

रोज किती माणसांनी यावे?

कासवर एका दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली आहे आणि त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. आम्हाला हा नियम आधी जाचक वाटला होता. पहिल्या खेपेची घाटातली रांग आठवली तेव्हा त्याचे कारण पटले. गाड्या पठारावर न आणता लांब, घाटाई फाट्याच्या बाजूला लावायला सांगतात आणि तिथून लहान बसने माणसे आणतात. त्यामुळे मोटारीतून आलेला साहेब आणि एस.टी.तून आलेला कामगार शेवटी एकाच पायवाटेवर चालत असतात. आम्हाला हे आवडले. आमच्यापुढे पुण्याचे एक मोठे कुटुंब होते. त्यांनी आत जरा वाट सोडून फोटो काढायला सुरुवात केली, त्यांनाही शिट्टी वाजली आणि आमच्या छोटीलाही वाजली होती. शिट्टीचा आवाज दोघांना सारखाच होता.

असे नियम सगळीकडे पैशांपुढे वाकतात असा आपला अनुभव आहे. म्हणून तिथे जो पहारेकरी गरिबाला एक आणि श्रीमंताला एक असे करत नाही त्याच्या कामाला आपण मान दिला पाहिजे. फुलाला कोणता पाय कोणाचा हे कळत नाही. प्रत्येक पायाने तेवढीच माती दबते.

आता तिकिटाविषयी. काकांचा प्रश्न आम्ही घरी येईपर्यंत चघळत होतो. शेवटी आमचे मत असे झाले. पैसे घ्यावेत, कारण कचरा उचलायला, वाट राखायला माणूस लागतो आणि त्या माणसाला रोज मिळाला पाहिजे. फुकटची सोय म्हणजे कोणाच्या तरी फुकटच्या मेहनतीची सोय. मात्र दीडशे रुपये सगळ्यांना सारखे हलके नसतात. नगरपालिकेच्या शाळेतल्या, झेडपीच्या शाळेतल्या आणि आश्रमशाळेतल्या मुलाने हे पठार पाहिले पाहिजे, कारण उद्या ते राखायचे त्यालाच आहे. त्याच्यासाठी गर्दी नसलेल्या दिवशी दार सैल असावे, आणि तसे ते आहे हे शाळेच्या गुरुजींपर्यंत पोहोचावे. नोंदणी मोबाईलवर होते, पण ज्याच्याकडे तसा मोबाईल नाही त्याने काय करायचे, याचाही विचार सतत व्हावा. हंगामागणिक दर आणि नियम बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.

बायकांच्या बाजूचा प्रश्न

सहलीच्या लेखांत ही गोष्ट सहसा येत नाही, पण आमच्या भगिनींच्या आग्रहाने लिहीत आहोत. दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धबधब्यावर गेलो होतो. जागा सुंदर, पण बायकांना जायला आडोसा नाही. सकाळी सहाला घरून निघालेल्या आमच्या बायका संध्याकाळपर्यंत तशाच. पाणी प्यायच्या नाहीत, कारण प्यायले तर जायचे कोठे? आत्याबाईंना साखरेचा आजार. परतताना त्यांना एवढा त्रास झाला की दवाखाना गाठावा लागला. त्या दिवशी त्यांनी ठरवले होते की पुन्हा सहलीला यायचे नाही.

कासला फाटकाजवळ स्वच्छतागृह आहे हे आधी फोन करून विचारले, तेव्हाच आत्याबाई तयार झाल्या. पिण्याच्या पाण्याची सोयही होती. बसायला जागा मिळाली. त्या फार आत आल्या नाहीत. कडेच्या वाटेवरच बसून राहिल्या. तरी घरी जाताना म्हणाल्या, "मी अर्धंच पठार पाहिलं, पण निवांत पाहिलं."

एखादी जागा सर्वांसाठी खुली आहे की नाही याची परीक्षा फाटकावरच्या पाटीने होत नाही. म्हातारी बाई, गरोदर बाई, पायाने अधू माणूस तिथे दिवस काढू शकतो का, याने होते. स्वच्छतागृह नसले की बाईला न बोलता बाहेर ठेवल्यासारखेच आहे. आणि आडोसा नाही म्हणून माणसे माळावर गेली की घाण पठारावर होते. कासचा तलाव पठाराच्या पलीकडेच आहे आणि सातारा शहराच्या एका भागाला त्याचे पाणी जाते. म्हणजे पठारावर टाकलेला कचरा आणि केलेली घाण पावसाबरोबर कोणाच्या तरी नळाच्या दिशेने निघते. सोयी हा काही पाहुण्यांचा लाड नव्हे. फुले राखायची तर माणसांच्या गरजा आधी राखाव्या लागतात.

जाणाऱ्यांसाठी चार शब्द

ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलांचा हंगाम. त्यातही सप्टेंबर चांगला. पाऊस जसा पडेल तसा हंगाम पुढे-मागे होतो. शनिवार-रविवार टाळा. कारखान्याची सुट्टी आठवड्याच्या मधल्या वारी असेल तर तोच दिवस धरा. नोंदणी आधी करा. चाळीतल्या कोणाला मोबाईलवरचे जमत असेल तर पाच घरांची एकदम करून घ्या. सकाळी लवकर पोहोचा. पावसाचा भरवसा नाही, म्हणून छत्रीपेक्षा अंगावरचे रेनकोट बरे, वाऱ्याने छत्री उलटते. चपला घसरतात, बूट घाला. बाटल्या आणि पिशव्या नेल्या तशा परत आणा. भाकरी, ठेचा, उसळ कापडात बांधून न्या आणि फाटकाबाहेरच खा. पाय दुखत नसतील तर राजमार्गाने कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत जा. साताऱ्याहून बामणोली मार्गाच्या एस.टी. गाड्या आहेत. परतीच्या गाडीची वेळ सकाळी उतरल्याबरोबर विचारून ठेवा, नाही तर रात्र होते. माहिती सांगणारा गाईड घ्या. पाच-दहा माणसांत खर्च वाटून जातो, आणि त्याशिवाय माळ नुसता रंगीत दिसतो, कळत नाही.

आणि मुलांना नक्की न्या. फूल न तोडता पाहायला शिकलेले मूल आयुष्यात इतर पुष्कळ गोष्टी न तोडता पाहायला शिकेल.

परतीच्या गाडीत काका खिडकीशी बसले होते. सातारा जवळ आले तेव्हा म्हणाले, "तिकिटाचं मला अजून पूर्ण पटलं नाही." मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "पण त्या बाईला रोज मिळतो आणि शिट्टी तिच्याच हातात आहे, हे बरं झालं. नाही तर आपण पाहुणे तिच्या माळावर जाऊन फुलं बघणार, आणि ती बाहेर."

छोटीने ते तेरड्याचे फूल मराठीच्या वहीत ठेवले आहे. त्याचा रंग आता उडाला आहे. त्याखाली तिने स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, "हे मी तोडले. परत तोडणार नाही." गुरुजींनी त्यावर बरोबरची खूण केली आहे.